चोवीस तासांची रेघ : वाटेतल्या मुक्कामासह विमानाचे तिकीट

मुलीच्या बाळंतपणासाठी मुंबईहून मेलबर्नला निघालेल्या आईवडिलांना वाटेत तीन दिवस सिंगापूर पाहायचे असेल, तर आधी सिंगापूरचे आणि मग तिथून पुढचे अशी वेगवेगळी तिकिटे काढावी लागतील, असे बहुतेक घरांत गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात हा सगळा प्रवास एकाच तिकिटावर करता येतो आणि अनेकदा त्याचे भाडे न थांबता जाण्याइतकेच किंवा थोडेसेच जास्त पडते. सोय चांगली आहे, विशेषतः वयस्क माणसांसाठी, कारण सलग पंधरा-सोळा तासांच्या प्रवासाचे दोन सुसह्य तुकडे होतात. मात्र तिचे नियम एकाच ठिकाणी नीट सांगितलेले सापडत नाहीत, आणि नेमक्या त्यामुळे माणसे पैसे गमावतात किंवा काउंटरवर अडकतात. म्हणून मुंबई–सिंगापूर–मेलबर्न हेच उदाहरण धरून ते येथे क्रमाने समजून घेऊ.

विमान बदलण्यासाठीचा थांबा आणि वाटेतला मुक्काम यांच्यामध्ये विमानकंपन्यांनी एक रेघ आखलेली आहे आणि ती आहे २४ तासांची. आंतरराष्ट्रीय प्रवासात एका गावी उतरल्यापासून पुढच्या विमानापर्यंत २४ तासांपेक्षा कमी वेळ असेल, तर ते नुसते विमान बदलणे झाले. त्याला आपण ट्रान्झिट किंवा लेओव्हर म्हणतो. त्याहून जास्त वेळ असेल तर तो स्टॉपओव्हर, म्हणजे मुक्काम. २३ तास ५० मिनिटे आणि २४ तास १० मिनिटे यांत प्रवाशाला काहीच फरक जाणवत नाही, पण कागदोपत्री त्या वीस मिनिटांत भाड्याचा नियम, विमानतळाचा कर, व्हिसा आणि सामान या चारही गोष्टी बदलू शकतात. पुढची बहुतेक माहिती या एका रेघेतूनच निघते.

पूर्वी असे थांबणे ही चैन नव्हती, ती विमानाची गरज होती. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हा ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत गेले, कारण त्या काळातल्या विमानांना एवढे अंतर एका दमात कापता येत नसे. विमानांचा पल्ला वाढला तसे थांबे गळत गेले. मात्र ज्या देशांची विमानकंपनी मोठी आणि स्वतःची लोकसंख्या लहान, त्यांच्यासाठी थांबा हाच धंद्याचा पाया ठरला. आइसलँडच्या विमानकंपनीने १९६०च्या दशकापासून युरोप आणि अमेरिका यांच्यामध्ये ये-जा करणाऱ्यांना आपल्या देशात मुक्काम करण्याचे आमंत्रण दिले, आणि आजही आइसलँडएअर जादा भाडे न घेता सात दिवसांपर्यंत थांबू देते. सिंगापूरला तर देशांतर्गत विमानसेवाच नाही, कारण एका शहराएवढ्या देशात विमान जाणार तरी कुठे? तिथल्या कंपनीला भारतातले प्रवासी उचलून ऑस्ट्रेलियात सोडायचे असतात आणि त्या सगळ्यांना चांगी विमानतळावरून नेणे भागच असते. त्यांतल्या काहींनी दोन-तीन दिवस राहून हॉटेल, जेवण आणि प्रेक्षणीय स्थळांवर खर्च केला, तर तो कंपनीच्या आणि देशाच्या दोघांच्याही फायद्याचा. दुबई, दोहा, अबुधाबी, इस्तंबूल यांचेही गणित हेच आहे. म्हणूनच तिथल्या कंपन्या स्वस्त हॉटेलांच्या योजना काढतात, आणि अबुधाबी व इस्तंबूल येथे तर काही अटींवर हॉटेलच्या रात्रीही फुकट मिळतात.

आता तिकीट काढण्याकडे वळू. विमानकंपनीच्या संकेतस्थळावर ‘वन वे’ आणि ‘राउंड ट्रिप’ यांच्या शेजारी ‘मल्टी-सिटी’ असा तिसरा पर्याय असतो. तो उघडल्यावर प्रवासाचा प्रत्येक टप्पा वेगळ्या ओळीत भरायचा असतो. पहिल्या ओळीत मुंबई ते सिंगापूर, समजा १० फेब्रुवारी. दुसऱ्या ओळीत सिंगापूर ते मेलबर्न, १३ फेब्रुवारी. आणि तिसऱ्या ओळीत मेलबर्न ते मुंबई, परतीची तारीख. परतताना सिंगापूरला फक्त विमान बदलायचे असल्यामुळे तिसऱ्या ओळीत सिंगापूरचे नाव घालायचे नाही. ते तिथे घातले की यंत्रणा त्याचाही वेगळा टप्पा समजते आणि भाडे विनाकारण चढते. हे सगळे भरण्याआधी त्याच तारखांचे साधे जाऊन-येऊन भाडे पाहून कागदावर लिहून ठेवावे, म्हणजे मुक्कामासाठी आपण नेमके किती जास्त देत आहोत ते कळते.

पुष्कळदा हा फरक पाहून माणूस चक्रावतो. एका दिवशी तो अगदी नगण्य असतो, तर दुसऱ्या दिवशी पंधरा-वीस हजारांचा. त्याचे कारण असे की विमानातल्या एकाच वर्गाच्या खुर्च्या वेगवेगळ्या भाड्यांच्या कप्प्यांत वाटलेल्या असतात, आणि प्रत्येक कप्प्याला इंग्रजी वर्णमालेतले एक अक्षर दिलेले असते. स्वस्त कप्प्यात खुर्ची शिल्लक आहे की नाही हे ठरवताना कंपनी एकेका विमानाकडे पाहत नाही. ती पाहते तुमच्या पूर्ण प्रवासाकडे. मुंबई–सिंगापूर हे शुक्रवारचे विमान फक्त सिंगापूरला जाणाऱ्यांनीच भरणार असेल, तर त्यातली स्वस्त खुर्ची कंपनी ‘मेलबर्नपर्यंत सलग जाणाऱ्याला देईन, पण मध्येच तीन दिवस उतरणाऱ्याला देणार नाही’ असे ठरवू शकते. दोन विमाने जणू लग्नगाठ बांधून विकली जातात, आणि या धंद्यात त्यांना ‘मॅरिड सेगमेंट’ असेच म्हणतात. मुक्काम घातला की ती गाठ सुटते आणि दोन्ही विमानांत स्वस्त खुर्ची वेगवेगळी शोधावी लागते. यावरचा उपाय सोपा आहे, पण फारसा कुणी सांगत नाही : भाडे चढलेले दिसले तर निघण्याची आणि परतीची तारीख तशीच ठेवून मधली तारीख एक-दोन दिवस पुढेमागे करून पाहावी. मुक्काम तीनऐवजी दोन रात्रींचा केल्याने संपूर्ण तिकीट स्वस्त झालेले मी अनेकदा पाहिले आहे.

याशिवाय प्रत्येक भाड्याच्या नियमावलीत स्टॉपओव्हरचे वेगळे कलम असते. काही भाड्यांना मुक्कामाची मुभाच नसते, काहींना एक मुक्काम फुकट असतो, तर काहींना ठरावीक रक्कम भरून तो घेता येतो. सर्वांत स्वस्त भाडे पाहिल्यावर हे कलम वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत.

एका तिकिटाचा आग्रह का, हे एका प्रसंगावरून सांगतो. माझ्या नात्यातल्या एका काका-काकूंना ठाण्यातल्या एजंटाने आठ हजार रुपये वाचतात म्हणून दोन कंपन्यांची दोन तिकिटे काढून दिली : एक सिंगापूरपर्यंतचे आणि दुसरे तिथून पुढचे. पहिल्या तिकिटावर माणशी वीस किलो सामानाची मुभा होती, दुसऱ्यावर तीस किलोची. त्यांनी बॅगा तीस किलोच्या हिशेबाने भरल्या आणि मुंबईच्या काउंटरवर जादा वजनाचे पैसे मोजले. त्याआधी महिनाभर दुसऱ्या कंपनीने आपले वेळापत्रक बदलून उड्डाण एक दिवस अलीकडे आणले होते. पहिल्या कंपनीने सांगितले की आमचे विमान वेळेवर आहे, तेव्हा तारीख बदलायची तर दंड आणि भाड्यातला फरक भरा. नियमाने तिचे काही चुकत नव्हते, कारण तिच्या दृष्टीने हे दोघे फक्त सिंगापूरला जाणारे प्रवासी होते. मेलबर्नशी तिचा करारच नव्हता. आठ हजार वाचवायला गेलेल्या काकांचे त्याच्या अडीचपट पैसे गेले. तिकीट एकच असते, तर वेळापत्रक बदलल्याची जबाबदारी कंपनीची झाली असती आणि सबंध प्रवासाची नवी मांडणी तिलाच दंडाशिवाय करून द्यावी लागली असती.

तिकीट खरोखर एकच आहे ना, हे तपासायला सहा अक्षर-अंकांचा पीएनआर पुरेसा नाही, कारण एका पीएनआरमध्ये दोन तिकिटेही असू शकतात. ई-तिकिटाचा तेरा आकडी क्रमांक पाहावा. त्यातले पहिले तीन आकडे कंपनीचे असतात : एअर इंडियाचे ०९८, एमिरेट्सचे १७६, सिंगापूर एअरलाइन्सचे ६१८. एका तिकिटात चार कुपने, म्हणजे प्रत्येक विमानासाठी एक अशा चार नोंदी, मावतात, म्हणजे मुंबई–सिंगापूर–मेलबर्न आणि परत ही चार विमाने एकाच क्रमांकावर बरोबर बसतात. त्याच कागदावर खाली भाड्याच्या हिशेबाची एक किचकट ओळ असते. तीत शहरांची तीन अक्षरी सांकेतिक नावे येतात, आणि ज्या शहरी मुक्काम नाही त्याच्या आधी एक्स हे अक्षर आणि तिरपी रेघ असते. आपल्या उदाहरणात जातानाच्या सिंगापूरआधी एक्स नसायला हवा आणि परतीच्या सिंगापूरआधी तो असायला हवा. हे पाहायला अर्धे मिनिट लागते, आणि त्यावरून कंपनीने आपला मुक्काम मुक्काम म्हणूनच नोंदवला आहे याची खात्री होते.

ही चार कुपने क्रमाने वापरावी लागतात, हा नियम मात्र कडक आहे. एखाद्याने ‘मी आधीच कामासाठी सिंगापुरात आहे, तेव्हा तिथूनच चढतो’ असे म्हणून मुंबईचे पहिले विमान सोडले, तर यंत्रणा पुढची सगळी विमाने रद्द करते. पहिला टप्पा गाळायचा असेल तर आधी कंपनीशी बोलून तिकीट बदलून घ्यावे लागते.

‘मुक्काम फुकट’ असे जाहिरातीत लिहिलेले असते, तेव्हा फुकट असते ते मूळ भाडे. कर वेगळे असतात. नुसते विमान बदलणाऱ्याकडून विमानतळ थोडे शुल्क घेतो. मुक्काम करून निघणाऱ्याला मात्र तो तिथूनच प्रवास सुरू करणारा प्रवासी मानतो आणि चांगीवर ही दोन शुल्के काही पटींनी वेगळी आहेत. लंडनचे उदाहरण याहून बोलके आहे. ब्रिटनमधून निघणाऱ्या विमानप्रवाशावर एक शासकीय कर आहे. मुंबईहून लंडनमार्गे न्यूयॉर्कला एकाच तिकिटावर जाणारा प्रवासी २४ तासांच्या आत पुढे निघाला तर तो लागत नाही. त्याहून जास्त थांबला की लागतो, आणि एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षात त्या टप्प्यासाठी साध्या वर्गाचा दर माणशी ९० पौंड होता. चौघांच्या कुटुंबाला हा आकडा लहान नाही. हे कर तिकिटाच्या रकमेतच धरलेले असतात, त्यामुळे भाड्यातला फरक कशामुळे पडला हे पाहण्यासाठी करांचा तपशील उघडून वाचावा.

यापुढचा भाग व्हिसाचा, आणि भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी मुक्कामाचे शहर यावरूनच निवडावे असे माझे स्पष्ट मत आहे. सिंगापूरसाठी भारतीयांना व्हिसा लागतो, पण ९६ तासांपर्यंत व्हिसाविना थांबण्याची एक सवलत आहे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, जर्मनी किंवा स्वित्झर्लंड यांपैकी एका देशाचा किमान महिनाभर मुदत उरलेला व्हिसा आणि ९६ तासांच्या आत पुढे जाण्याचे पक्के तिकीट हातात असेल, तर तिसऱ्या देशाला जाताना किंवा तिथून परतताना ती मिळू शकते. मेलबर्नला निघालेल्या आईवडिलांकडे ऑस्ट्रेलियाचा व्हिसा असतोच, त्यामुळे ही जोडी छान जमते. मात्र ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टवर चिकटवलेला नसतो, तो संगणकीय नोंदीत असतो. म्हणून मंजुरीच्या पत्राची छापील प्रत हातातल्या पिशवीत ठेवावी. सवलत देणे-न देणे तिथल्या इमिग्रेशन अधिकाऱ्याच्या हाती असते, हेही ध्यानात असू द्यावे. ज्यांना ही जोखीम नको, त्यांनी रीतसर व्हिसा आधीच काढावा.

९६ तास मोजतानाही गफलत होते. मंगळवारी सकाळी सातला उतरलात तर मुदत शनिवारी सकाळी सातला संपते. ‘चार दिवस चालतात’ असे मनाशी धरून शनिवारी रात्रीचे विमान घेतले, तर ते मुदतीबाहेर जाते. याखेरीज सिंगापूरला पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत तिथले आगमनपत्र ऑनलाइन भरावे लागते. ते विनामूल्य आहे, त्यामुळे त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहावे.

इतर शहरांचे थोडक्यात असे. दुबई आणि अबुधाबीसाठी ४८ किंवा ९६ तासांचा ट्रान्झिट व्हिसा विमानकंपनीमार्फत काढता येतो. युरोपातल्या शेंगेन देशात, म्हणजे एकच सामायिक व्हिसा चालणाऱ्या गटातल्या देशात, एक दिवस जरी गावात जायचे असेल तरी पूर्ण शेंगेन व्हिसा लागतो, आणि जाताना व येताना दोन्ही वेळा मुक्काम असेल तर एकच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही. हे नियम वरचेवर बदलतात, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर ते पुन्हा वाचणे आवश्यक आहे.

सामानाची गोष्ट मराठी घरांसाठी विशेष महत्त्वाची आहे. नुसते विमान बदलायचे असते तेव्हा बॅगा मुंबईत दिल्या की थेट मेलबर्नला मिळतात. मुक्काम असेल तर त्या सिंगापूरला पट्ट्यावर येतात आणि तिथल्या कस्टममधून आपल्याला घेऊन जाव्या लागतात. म्हणजे त्या बॅगेला आता दोन देशांचे नियम लागू होतात. मुलीकडे निघालेल्या आईच्या बॅगेत अनारसे असतात, घरी केलेला गोडा मसाला असतो, बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू असतात, आणि या तिन्हींत बहुधा खसखस असते. खसखस म्हणजे अफूच्या झाडाचे बी. सिंगापूरमध्ये आणि संयुक्त अरब अमिरातीत ते नेण्यास बंदी आहे. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात सहज मिळणारी ही वस्तू तिथे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते, हे कित्येकांच्या स्वप्नातही नसते. वाटेत मुक्काम असेल तर अनारसे खसखशीविना करावेत आणि मसाल्यातूनही ती वगळावी. खव्याचे पेढे-बर्फी तर ऑस्ट्रेलियातच चालत नाहीत, तेव्हा ती घरीच ठेवलेली बरी. औषधांचेही तसेच : झोपेच्या गोळ्या आणि कोडीनयुक्त खोकल्याची किंवा वेदनाशामक औषधे यांना आधी परवानगी लागू शकते. ती मूळ वेष्टणात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत असावीत.

मुंबईच्या काउंटरवर बॅगेला चिकटवलेली पट्टी आवर्जून वाचावी. तीवर शेवटचे शहर म्हणून सिंगापूरची तीन अक्षरे असायला हवीत. सवयीने कर्मचाऱ्याने मेलबर्नची पट्टी लावली, तर बदलायचे कपडेही हाताशी नसताना तीन दिवस काढावे लागतील.

मुक्काम जाताना घ्यावा की येताना, याचे उत्तर प्रवासाच्या कारणात आहे. बाळंतपण, लग्न किंवा परीक्षा यांसारखी पक्की तारीख पुढे असेल तर मुक्काम परतीच्या वाटेवर ठेवावा. जातानाचा एखादा उशीर मग जिवाला घोर लावत नाही, आणि खाऊने भरलेल्या जड बॅगा सिंगापूरच्या रस्त्यावर ओढाव्याही लागत नाहीत. तारखेचे बंधन नसेल तर जाताना थांबलेले शरीराला मानवते. सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे आणि मेलबर्नचे त्याहून आणखी दोन किंवा तीन तास, त्यामुळे झोपेची वेळ दोन पायऱ्यांनी सरकते.

मुक्काम कोणत्याही बाजूला असो, रात्री निघून पहाटे किंवा सकाळी पोहोचणारे विमान घेतले तर हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनपर्यंत मिळत नाही, आणि सुजलेल्या पायांनी सत्तरीतल्या माणसांना पाच-सहा तास लॉबीत बसावे लागते. अशा वेळी आदल्या रात्रीचेही भाडे भरून खोली तयार ठेवायला सांगावे, नाहीतर दिवसाचे विमान घ्यावे. हॉटेल रद्द करता येईल असेच घ्यावे, कारण वेळापत्रक बदलले तर कंपनी विमान बदलून देते, हॉटेलचे पैसे देत नाही. प्रवासविम्याच्या कागदावरही दोन्ही देशांत तो लागू असल्याचे आणि मुक्कामाचे दिवस त्यात धरल्याचे पाहून घ्यावे.

ज्यांच्याकडे विमानकंपन्यांचे पॉइंट साठलेले आहेत त्यांनाही ही वाट खुली आहे. उदाहरणार्थ, एअर कॅनडाच्या एरोप्लान योजनेत एकेरी प्रवासातही ५,००० पॉइंट जादा भरून मुक्काम घेता येतो, मात्र तो कॅनडा किंवा अमेरिकेत घेता येत नाही. कर तिथेही रोख भरावे लागतात आणि २४ तासांची रेघ तिथेही तीच असते.